मेंडोझाला ग्रुपने जाताय? दिवसाला दोनच वायनरी करा, आणि पाट बघायला विसरू नका

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की 24 जणांचा ग्रुप, ब्राझील-अर्जेंटिना-चिले असे 17 दिवस, त्यात टूर कंपनीने अर्जेंटिनातल्या मेंडोझाच्या, म्हणजे द्राक्षमळे आणि वायनरींच्या (वाइन करण्याच्या जागांच्या) गावाच्या, 2 रात्री टाकल्यात, पण ग्रुपमधले निम्म्याहून जास्त लोक वाइन घेतच नाहीत, काही तर कांदा-लसूणही न खाणारे, सोबत सत्तरीचे आई-बाबा, तर मेंडोझा ठेवावं की उडवून ते दोन दिवस बुएनोस आयरेसला द्यावेत. मी गेली बरीच वर्षं दक्षिण अमेरिकेचे ग्रुप नेतोय, टूर मॅनेजर म्हणून मेंडोझाला दहा-बारा वेळा तरी गेलोय, तेव्हा जरा लांबच लिहितो, चहा घेऊन बसा.

उडवू नका. पण कंपनीने जो कार्यक्रम पाठवलाय ("दिवस 9: चार नामांकित वायनरींना भेट, संध्याकाळी शॉपिंग") तो तसाच्या तसा मान्यही करू नका. चार वायनरींचा दिवस हा कागदावर फार छान दिसतो, प्रत्यक्षात दुपारी तीननंतर कोणाला काही कळत नसतं. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलोय. माझ्या पहिल्याच ग्रुपला मीच हौसेने चार ठिकाणं लावली होती, तिसऱ्या ठिकाणी एक साहेब टेबलावर डोकं ठेवून घोरायला लागले, न पिणारे लोक बसमध्ये बसून राहिले आणि चौथ्या ठिकाणी आम्ही पोचलो तेव्हा तिथली मुलगी आमची वाट बघून बघून दुसऱ्या ग्रुपला घेऊन आत गेली होती. एकदा पाहिलं की स्टीलच्या टाक्या सगळीकडे सारख्याच, ओकची पिंपं सगळीकडे सारखीच, आणि गाईडचं वाक्यही तेच की आमच्या आजोबांनी इटलीहून येऊन सुरुवात केली. म्हणून दिवसाला दोन, एक सकाळी आणि एक जेवणाला. बस्स.

आता न पिणाऱ्यांनी तिथे काय बघायचं हा तुमचा खरा प्रश्न. त्यासाठी आधी मेंडोझा म्हणजे काय हे समजून घ्या, कारण ब्रोशरमध्ये फक्त ग्लास आणि डोंगर दिसतात. (उच्चार तिकडे मेंडोसा, आपण सगळे मेंडोझाच म्हणतो, चालतं.)

मेंडोझा हे वाळवंटातलं गाव आहे. वर्षभरात पाऊस जेमतेम 200 मिलिमीटर, म्हणजे मुंबईत जुलैतल्या एखाद्या वाईट दिवशी पडतो तेवढा त्यांना वर्षभर पुरवायचा. तरीही विमानातून उतरलात की सगळीकडे झाडंच झाडं, रस्त्यावर दोन्ही बाजूंनी फांद्या वर एकमेकांना टेकलेल्या, भर उन्हात चालताना सावली सुटत नाही. यातलं एकही झाड आपोआप आलेलं नाही. प्रत्येक झाडाच्या पायाशी एक उघडा पाट आहे, त्याला तिकडे असेकिया म्हणतात, आणि त्यातून अँडीज पर्वतावरचं वितळलेलं बर्फाचं पाणी खेळवलेलं आहे. हे पाट स्पॅनिश लोक यायच्या आधीपासूनचे, उआर्पे नावाचे मूळ लोक शेतीसाठी वापरायचे. स्पॅनिशांनी 1561 साली गाव वसवलं ते त्या पाटांच्या जीवावर. आजही पूर्ण प्रांताच्या साधारण 4 टक्केच जमिनीवर पाणी पोचतं, आणि जवळजवळ सगळी माणसं आणि सगळे द्राक्षमळे त्या 4 टक्क्यांत. बाकी काटेरी झुडपं आणि धूळ. विमान उतरताना खिडकीतून बघा, हिरवा रंग जिथे संपतो तिथे सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते.

या पाटांबद्दल एक सूचना आधीच देऊन ठेवतो, हसू नका. फूटपाथ आणि रस्ता यांच्या मधे हे पाट उघडे असतात, कुठे फूटभर, कुठे चांगले गुडघ्याच्या वर खोल, आणि कठडा वगैरे काही नाही. बसमधून उतरताना लोक वर झाडांकडे नाहीतर मोबाईलमध्ये बघत पाय टाकतात. माझ्या ग्रुपमधल्या एक काकू अशाच गेल्या, घोटा मुरगळला, पुढची टूर व्हीलचेअरवर. त्यानंतर मी बस थांबली की दार उघडायच्या आधी माईकवर "खाली बघा, पाट आहे" असं ओरडतो, दर वेळी. तुमच्या आई-बाबांना हे आत्ताच सांगून ठेवा.

शहर एवढं मोकळं का आहे त्याचीही एक गोष्ट आहे. 20 मार्च 1861 च्या रात्री भूकंप झाला आणि जुनं गाव जवळजवळ पूर्ण झोपलं, हजारो माणसं गेली. मग शेजारीच नवीन गाव आखलं, रुंद रस्ते, कमी उंचीची घरं, आणि मधोमध एक मोठं मैदान, प्लाझा इंडिपेंडेन्सिया, आणि त्याच्या चार कोपऱ्यांकडे चार छोटी मैदानं, चिले, सान मार्टिन, इटालिया आणि एस्पान्या. हेतू हा की पुन्हा जमीन हलली तर लोकांना धावत जाऊन उभं राहायला मोकळी जागा हवी. आता तिथे मुलं स्केटिंग करतात आणि म्हातारी माणसं बाकावर बसून गप्पा मारतात, पण मूळ कारण ते. हादरे अजूनही अधूनमधून बसतात, हॉटेलात एखाद्या रात्री पलंग हलल्यासारखा वाटला तर तो वाइनचा परिणाम असेलच असं नाही. तुमच्या न पिणाऱ्या मंडळींना ही पाच मैदानं आणि त्यांना जोडणारे रस्ते सकाळी आठ-नऊला चालत दाखवा, दीड तासाचं काम आहे, उगाच "सिटी टूर" म्हणून बसमधून फिरवू देऊ नका.

आणि जनरल सान मार्टिन पार्क. तीनशे हेक्टरहून मोठं आहे, 1896 मध्ये कार्लोस थाइस नावाच्या फ्रेंच माणसाने आखलं, आत तळं, वर सेरो दे ला ग्लोरिया नावाची टेकडी आणि टेकडीवर 1914 चं भलंमोठं स्मारक. ते स्मारक कशाचं हे गाईड घाईत सांगतो आणि कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून सांगतो. सान मार्टिन म्हणजे तिकडच्या स्वातंत्र्ययुद्धाचा सेनापती, त्याने इथे मेंडोझात सैन्य जमवलं, त्याला तयार केलं, आणि जानेवारी 1817 मध्ये सुमारे पाच हजार माणसं, खेचरं, तोफा घेऊन अँडीज ओलांडून चिलेत उतरला आणि फेब्रुवारीत चाकाबुकोला स्पॅनिशांना हरवलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही एसी बसमधून त्याच डोंगरांत जाणार आहात, तेव्हा आदल्या दिवशी हे स्मारक बघून ठेवलं की दुसऱ्या दिवसाला अर्थ येतो. क्रम उलटा करू नका.

आता वाइन. मी स्वतः थोडीशीच घेतो, जाणकार वगैरे नाही, पण इतक्या वेळा ऐकलंय की आता गाईड आजारी पडला तर मी बोलू शकेन. इथलं मुख्य द्राक्ष माल्बेक. मूळ फ्रान्सचं, तिकडे बोर्डोमध्ये दुय्यम मानलं जायचं, आणि 1956 च्या कडाक्याच्या थंडीत तिथल्या बऱ्याच वेली मेल्या. मेंडोझाला ते 1853 च्या सुमारास आलं, पुझे नावाच्या फ्रेंच शेतीतज्ज्ञाने रोपं आणली. इथे उंची आहे, शहरच साधारण 750 मीटरवर, लुखान दे कुयोचे मळे 900-1,000 मीटरच्या आसपास आणि वाये दे उको म्हणजे उको खोऱ्यातले काही मळे तर 1,500 मीटरपर्यंत. दिवसा टळटळीत ऊन, रात्री स्वेटर लागेल अशी थंडी, त्यामुळे द्राक्षाची साल जाड होते, रंग गडद येतो, आणि आंबटपणाही टिकतो. फ्रान्समध्ये मागच्या बाकावर बसलेलं पोरगं इथे येऊन पहिलं आलं. अर्जेंटिनाची साधारण 70 टक्के वाइन एकट्या मेंडोझा प्रांतात होते.

वायनरीला तिकडे बोदेगा म्हणतात. त्या तीन भागांत विखुरल्यात. माईपू शहराच्या सर्वांत जवळ, जुन्या बोदेगा, त्यातच ऑलिव्ह तेलाच्या घाण्या. लुखान दे कुयो अर्धा-पाऊण तास. उको खोरं मात्र दक्षिणेला दीड तास, एका बाजूचा. दोनच रात्री असतील आणि सोबत वयस्कर लोक असतील तर उकोचा मोह सोडा असं मी सांगेन, जरी तिथलं दृश्य सगळ्यांत भारी असलं आणि सुकार्दीची दगडी बोदेगा तिथेच असली (जगातल्या सर्वोत्तम द्राक्षमळ्यांच्या यादीत ती 2019 पासून सलग तीन वर्षं पहिली होती). तीन रात्री मिळाल्या तर मात्र उको घ्याच.

माझा ठरलेला एक दिवस असा. सकाळी दहाला माईपूमध्ये ला रुराल बोदेगाचं वाइन म्युझियम, जुनी लाकडी यंत्रं, अख्ख्या गाईच्या कातड्याच्या पिशव्या ज्यात पूर्वी द्राक्षं तुडवायचे, हे न पिणाऱ्यांनाही आवडतं, पोरांनाही आवडतं. तिथून जवळच ऑलिव्ह तेलाची जागा, पावाचे तुकडे वेगवेगळ्या तेलात बुडवून चाखायचे, आपले शाकाहारी लोक इथे खुलतात, आणि खरेदीही इथेच सगळ्यांत जास्त होते, विश्वास ठेवा. मग लुखानमधल्या एका बोदेगात जेवण. बाहेरून बघायचं असेल तर काटेना झापाताची इमारत बघा, माया लोकांच्या पिरॅमिडसारखी बांधलीय, मळ्याच्या मधोमध उभी आणि मागे बर्फाचे डोंगर, फोटो सगळ्यांचे तिथे निघतात. पण आत जायचं तर आधी खूप दिवस बुकिंग हवं. खरं तर कुठल्याही बोदेगात न सांगता जाऊन उपयोग नाही, आणि रविवारी बऱ्याच बंद असतात, तेव्हा तुमच्या दोन दिवसांत रविवार पडतोय का ते आत्ता कॅलेंडर उघडून बघा. कार्यक्रम छापणाऱ्याने ते पाहिलेलं नसतं.

24 जण म्हणजे एका वेळी आत घेत नाहीत, दोन तुकड्या पडतात. तेव्हा कंपनीला विचारा की दोन इंग्रजी गाईड बुक केलेत का, नाहीतर अर्धे लोक अंगणात उभे. आणि तुकड्या पाडताना पिणारे एका बाजूला, न पिणारे दुसऱ्या बाजूला अशा पाडा, नवरा-बायको वेगळे झाले तरी तासाभराने भेटणारच आहेत. न पिणाऱ्यांच्या तुकडीला मळ्यात जास्त वेळ आणि टेस्टिंगच्या जागी द्राक्षाचा रस किंवा लिंबू-पुदिना असं आधी ईमेल केलं तर बहुतेक ठिकाणी आनंदाने करतात, पैसेही कमी घेतात. आयत्या वेळी सांगितलं तर पाणी मिळतं. टेस्टिंगला तीन-चार ग्लास येतात, प्रत्येकात थोडी थोडी, आणि टेबलावर एक भांडं असतं थुंकायला. आपल्याकडे "येथे थुंकू नये" अशा पाट्या, इथे थुंकायला खास भांडं, त्यामुळे आपली माणसं लाजतात आणि सगळं गिळतात, वर पैसे दिलेत म्हणून शेजाऱ्याचाही संपवतात. मग पुढे काय होतं ते वर सांगितलंच.

जेवणाबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण भांडणं यावरूनच होतात. बोदेगातलं जेवण म्हणजे पाच-सहा टप्प्यांचं, प्रत्येक टप्प्याला एक ग्लास, अडीच-तीन तास सहज. मांस हा तिथला धर्म आहे, चौथ्या-पाचव्या टप्प्याला हातभर मोठा गोमांसाचा तुकडा येतो, आणि आपल्या ग्रुपमध्ये तो खाणारे फार तर तीन-चार जण. बाकीच्यांसाठी चिकन किंवा शाकाहारी असं प्रत्येक नावासमोर लिहून 48 तास आधी द्या, तोंडी नको. "व्हेजिटेरियन" एवढ्या शब्दावर विसंबू नका, तिकडे "सिन कार्ने" म्हणजे गोमांस नाही एवढाच अर्थ घेऊन वर हॅमचे तुकडे टाकून आणतात. मी कार्डावर लिहूनच नेतो, सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन खामोन, आणि अंडं न खाणाऱ्यांसाठी सिन उएवो. म्हणजे मांस, कोंबडी, मासे, हॅम, अंडं काही नको. शाकाहारी माणूस तिथे उपाशी मात्र राहत नाही. मक्याचं सारण भरलेलं एम्पानादा मागा, नाव उमिता, करंजीचाच भाऊ, फक्त खारा. निखाऱ्यावर भाजलेलं चीज, प्रोवोलेता. भाजलेला भोपळा, वांगी, ढोबळी मिरची. आणि दुल्से दे लेचे, म्हणजे दूध आणि साखर आटवून आटवून केलेला तपकिरी गोळा, रबडी करताना कढईच्या कडेला जी खरपूस लागते ना तीच चव, आमच्या काकू मंडळी बरण्याच्या बरण्या घेतात.

रात्रीचं जेवण हा वेगळाच विषय. तिकडची हॉटेलं साडेआठ-नऊला उघडतात, लोक दहाला जेवायला बसतात. आपली माणसं साडेसातला ताट शोधतात. मी यावर केलेला उपाय असा, दुपारी बोदेगात चारपर्यंत भरपेट, आणि रात्री हॉटेलात कुकरची मुगाची खिचडी किंवा रेडी टू ईटची पाकिटं, हॉटेलला फक्त गरम पाण्याचं सांगून ठेवायचं. भारतीय रेस्टॉरंटमध्ये 24 जणांचं जेवण असं कंपनीने मेंडोझाच्या दिवसासमोर लिहिलं असेल तर हॉटेलचं नाव विचारा, नाव सांगता आलं नाही तर समजून जा.

शॉपिंगलाही तीच गत. दुपारी एक ते साडेचार-पाच दुकानं चक्क बंद, सिएस्ता. पुण्याची म्हणून आपण चेष्टा करतो, पण इथे अख्खं शहर झोपतं. तेव्हा "दुपारी शॉपिंग" छापलेलं असेल तर ते "संध्याकाळी सहा ते आठ" करून घ्या, सार्मिएन्तो नावाचा पायी रस्ता आहे तिथे, आइस्क्रीम खात फिरा. डॉलरच्या नोटा 100 च्या, नव्या, घडी न पडलेल्या न्या, जुन्या किंवा पेनाने लिहिलेल्या नोटा कोणी घेत नाही किंवा कमी भाव देतात. आणि हॉटेलचं बिल तुम्ही स्वतः भरणार असाल तर परदेशी कार्डाने भरा, परदेशी पाहुण्यांना खोलीभाड्यावरचा 21 टक्के कर माफ होतो, रोख दिलं तर नाही.

बाटल्या किती आणायच्या हेही प्रत्येक ग्रुपमध्ये विचारतात. भारतात माणशी 2 लिटर दारू-वाइन ड्यूटी न भरता आणता येते, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या, तिसरी घेतली की 2.25 लिटर होतात आणि कस्टमवाला तुमच्याकडे बघतो. शिवाय अर्जेंटिनाच्या आतल्या विमानांत चेक-इन बॅगेला बरेचदा 15 किलोचीच मर्यादा असते, आणि भरलेली एक बाटली सव्वा किलोच्या पुढे जाते. लोकरी मोज्यात घालून, कपड्यांच्या मधोमध. न पिणाऱ्या नातेवाइकांचा कोटा वापरण्याबद्दल मी काही बोलत नाही.

आता माझा आवडता किस्सा सांगतो, यासाठीच खरं तर मी मेंडोझा उडवू नका म्हणतोय. काही वर्षांपूर्वी ग्रुपमध्ये निफाडचे एक काका होते, द्राक्षबागायतदार, माळकरी, थेंब घेत नाहीत. मुलाने पैसे भरून पाठवलेलं, पहिले आठ दिवस गप्प, इग्वासूचा धबधबा बघूनसुद्धा "मोठा आहे" एवढंच म्हणाले. लुखानमध्ये आम्ही एका मळ्यात उतरलो, जुना मळा होता, वेली वर छपरासारख्या पसरवलेल्या, तिकडे पार्राल म्हणतात. काका थांबले. वर बघितलं, तारेला हात लावला, म्हणाले, "हा तर मांडव हाय आपला." आणि मग जे सुटले. गाईड पोरगी बिचारी ओक आणि सुगंधाचं पाठ केलेलं सांगायला आली होती, काकांनी तिला विचारलं खरड छाटणी कधी करता. मी भाषांतर करू काय, तिच्याकडे तो प्रकारच नाही. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी, नव्या काड्यांसाठी, आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी, फळासाठी, कारण आपली वेल कधी झोपतच नाही, तिकडे हिवाळ्यात वेल पार झोपते, पानं गळतात, आणि छाटणी वर्षातून एकदाच. हे ऐकून काका म्हणाले, "सुखी आहेत."

मग ते मळ्याच्या कडेला गेले आणि पाटाशी उकिडवे बसले. पाटाला लोखंडी छोटं दार होतं, चाकाने वर-खाली होणारं, खालून थोडं पाणी झिरपत होतं, गढूळ, बर्फाचं म्हणून गार. त्यांनी बोट घातलं आणि विचारलं, पाण्याची पाळी किती दिवसांनी येते? मुलीने एका म्हाताऱ्या कामगाराला हाक मारली. त्याने सांगितलं की तोमेरो नावाचा एक माणूस असतो, तो ठरलेल्या दिवशी ठरलेल्या तासाला येऊन दार उघडतो, कधी कधी ती पाळी रात्री दोनला येते, तेव्हा बॅटरी घेऊन उठायचं, आणि वेळ संपली की तो दार बंद करून पुढच्याकडे जातो. पाण्याचा हक्क जमिनीला बांधलेला, तिथला पाण्याचा कायदा 1884 सालचा. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "पाटकरी. आमच्याकडं पाटकरी म्हणत्यात." आणि त्या म्हाताऱ्याला पुढचा प्रश्न, शेजारी रात्री दार फोडून पाणी चोरतो का? मी विचारलं. तो म्हातारा इतका हसला की त्याला खोकला लागला. त्यानंतर अर्धा तास दोघं भाषेशिवाय बोलत होते. वर काळी जाळी पसरलेली होती, काकांनी बोट दाखवलं, म्हाताऱ्याने मुठीएवढा आकार करून आकाशातून खाली पडण्याची खूण केली. गारा. गारपिटीसाठी अख्ख्या मळ्यावर जाळी. काका बराच वेळ त्या जाळीकडे बघत राहिले, एकरी खर्च काय हे विचारायला लावलं, रुपयांत हिशोब केला आणि गप्प झाले. त्या दिवशी बाकीचे लोक जेवणाच्या टेबलावर कधीच पोचले होते.

तर तुमच्या ग्रुपमध्ये शेतीशी संबंध असलेलं कोणी असेल तर त्यांना टेस्टिंगरूमऐवजी मळ्यात सोडा. नाशिकवाले असतील तर अजूनच मजा, शँडनची बोदेगाही तिथे आहे, 1959 पासून, त्याच कंपनीची दिंडोरीची वायनरी त्यांनी पाहिलेली असते.

दुसरा दिवस डोंगराचा, हा सगळ्यांसाठी. रूट 7 ने पश्चिमेला, पोत्रेरियोसचं धरण, मग उस्पायाता, तिथे चहा, पुढे पुएन्ते देल इन्का म्हणून नैसर्गिक दगडी पूल, गरम झऱ्यांतल्या क्षारांनी पिवळा-केशरी झालेला, आणि पुढे अकोंकाग्वा, 6,961 मीटर, आशियाबाहेरचं सगळ्यांत उंच शिखर. जायला तीन-साडेतीन तास, रस्त्याच्या कडेने जुन्या रेल्वेचे रूळ आणि मोडके बोगदे सोबत येतात, 1910 ला सुरू झालेली अँडीज ओलांडणारी रेल्वे 1984 ला बंद पडली. इथे काही ग्रुप क्रिस्तो रेदेन्तोरच्या पुतळ्यापर्यंत वर नेतात, ते 3,800 मीटरच्या वर आहे, कच्चा वळणाचा रस्ता, तिकडच्या उन्हाळ्यातच उघडा. 750 वरून एका सकाळीत 3,800, बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसांना नका नेऊ. आई-बाबांना पुएन्ते देल इन्काला 2,700 मीटरवर थांबवा, तिथे झऱ्याचे क्षार बसून दगडाच्या झालेल्या चपला-बाटल्या विकतात, मन रमतं.

महिना कुठला? आपल्या उलट ऋतू, हे लक्षात ठेवा. फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षाची तोडणी. मार्चच्या पहिल्या आठवड्यात वेन्दिमिया म्हणजे तोडणीचा मोठा उत्सव, 1936 पासूनचा, पार्कातल्या डोंगरातल्या उघड्या नाट्यगृहात हजारो लोक, मिरवणूक, तालुक्या-तालुक्यांच्या राण्यांमधून एक राणी निवडतात. बघण्यासारखं आहे पण हॉटेलं आधीच भरलेली आणि भाव चढलेले. मला विचाराल तर एप्रिलचा मधला काळ, पॉपलरची झाडं पिवळीधमक, वेली लाल. दिवाळीत गेलात तर वेलींना नुकती पालवी, द्राक्ष दिसणार नाही, ते आधी सांगून ठेवा नाहीतर लोक म्हणतात द्राक्ष कुठाय. आणि सोंडा नावाचा वारा आहे, हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात जास्त, डोंगरावरून कोरडा गरम धुळीचा खाली येतो, डोकी दुखतात, माणसं चिडचिडी होतात. त्या दिवशी ग्रुपचं भांडण झालं तर एकमेकांना माफ करा.

व्हिसाचे नियम सारखे बदलतात, अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर असेल तर बरंच सोपं जातं, पण बुकिंगच्या वेळी वकिलातीच्या साइटवर बघा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर नको. पिवळ्या तापाची लस मात्र प्रत्येकाने, जाण्याच्या किमान 10 दिवस आधी. तिकडे कोणी विचारेल न विचारेल, परत येताना आपल्याच विमानतळावर कार्ड नसेल तर क्वारंटाइनमध्ये बसवतात. 60 च्या पुढच्यांनी डॉक्टरांना विचारून.

शेवटचं, तुमच्या कार्यक्रमात मेंडोझाहून सान्तियागोला बसने जाणं आहे, ते विमानाने बदलून मागू नका, उलट हा सगळ्या टूरमधला सुंदर दिवस आहे, सात-आठ तास, 3,200 मीटरवरचा बोगदा आणि मग चिलेच्या बाजूला एकाखाली एक वळणं, तिकडे काराकोलेस म्हणजे गोगलगायी म्हणतात. जून ते ऑगस्ट बर्फाने रस्ता बंद पडू शकतो, तेवढं सोडून. पण चिलेची हद्द म्हणजे खाण्याच्या वस्तूंची कडक तपासणी. फळं, बिया, मध, दूध-तुपाचे पदार्थ, सगळं फॉर्मवर "हो, आहे" असं लिहायचं. लिहिलं आणि त्यांनी नको म्हटलं तर फक्त फेकतात, लपवलं आणि कुत्र्याने पकडलं तर मोठा दंड. आमच्या एका ग्रुपमध्ये एक मावशींच्या बॅगेशी कुत्रा जाऊन बसला. अधिकाऱ्याने एकेक पिशवी बाहेर काढली, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, सुपारी, शिवाय रुमालात बांधलेल्या मूठभर कच्च्या मेथ्या. भाजणी, मेतकूट सोडलं. गोड्या मसाल्याचा त्याने वास घेतला, शेजाऱ्याला दिला, त्यानेही घेतला, मग तिसऱ्याला बोलावलं. मेथ्या गेल्या. मावशींनी फॉर्मवर "हो" लिहिलं होतं म्हणून दंड नाही, मात्र पुढचे दोन दिवस त्या मेथ्यांचं नाव काढत होत्या.